सोललेलं बिरडं आणि 70 अक्षरं

कळव्याच्या एका चाळीतल्या सहा बायका मिळून भाजी निवडून विकतात. मेथी, शेपू, दोर काढून मोडलेला श्रावणघेवडा, मोड आलेली मटकी, खवलेला नारळ, असं बरंच काही. पण त्यांच्या हातचा खरा माल म्हणजे सोललेलं बिरडं. वाल रात्रभर भिजवायचे, उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालातून अलगद सोडवायचा. जोर जास्त लागला तर दाण्याचे दोन तुकडे होतात आणि उसळीची शोभा जाते. दोन दिवसांचा हा कुटाणा ठाण्यातल्या कित्येक घरांनी आता सोडून दिलाय, बिरडं आवडत असूनही. त्यामुळे या मालाला गिऱ्हाईक मिळायला अडचण यायला नको होती.

अडचण आली. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितेय.

व्यवस्था अशी होती. ठाणे स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसायला मनाई आहे, आणि या बायकांना रस्त्यावर बसायचंही नव्हतं. गोखले रोडच्या एका गल्लीत त्यांच्या मैत्रिणीचा ब्लाउज शिवण्याचा गाळा आहे. संध्याकाळी 7 ते 9 तिथल्या एका कोपऱ्यात पिशव्या ठेवायच्या, गिऱ्हाइकाने आधी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगून ठेवायचं आणि स्टेशनवरून घरी जाताना पिशवी उचलायची. माल ताजा, दर वाजवी, जागा वाटेवरची. तरी रात्री नऊला चार-सहा पिशव्या उरायच्याच, आणि त्यात बिरडं असायचंच. मोड आलेलं कडधान्य दुसऱ्या दिवशी वास धरू लागतं, मग ते विकायचं कसं? सहा घरांत वाटून खायचं. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू मला म्हणाल्या, "ताई, आमची पोरं आता बिरड्याला नाकं मुरडतात. लोकांना आमची जाहिरात दिसतच नाही का हो?"

छोट्या व्यावसायिकांसाठी जाहिरातीचा मजकूर लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यांची जाहिरात मी पाहिली. एकीच्या भाच्याने बनवलेलं रंगीत पोस्टर होतं. वर तोरण, खाली समई, मधे "सस्नेह नमस्कार! आपल्या सेवेत रुजू होत आहोत" आणि त्याखाली 14 वस्तूंची यादी. बिरडं सातव्या क्रमांकावर, "मोड आलेले मूग" आणि "सोललेला लसूण" यांच्या मधे. सकाळचं काम आटोपलं की साडेदहाच्या सुमारास हे पोस्टर सगळ्यांना जायचं.

माझी पहिली दुरुस्ती साफ चुकली. मला वाटलं, पोस्टर गचाळ आहे म्हणून नजर ठरत नाही. मी यादी पाचांवर आणली, मेथीचा दव पडल्यासारखा टवटवीत फोटो काढला आणि वर ओळ टाकली: "तुमचा वेळ मोलाचा, निवडण्याचं काम आमचं!" ओळ मला आवडली होती. अकरा वाजता संदेश गेला आणि उत्तरं भराभर आली. लाल बदाम, जोडलेले हात, "वा, खूप छान उपक्रम", "महिलांना शुभेच्छा". त्या संध्याकाळीही पिशव्या उरल्या. आठवडाभर हेच चाललं. कौतुक येत होतं, ऑर्डर येत नव्हती.

कौतुकाने मी गोंधळले, कारण त्यावरून एक गोष्ट उघड होती: संदेश दिसत होता, वाचलाही जात होता. म्हणजे काकूंचा प्रश्न आणि माझं उत्तर, दोन्ही चुकीच्या जागी होतं. मग गाळ्यावर नेहमी येणाऱ्या एका गिऱ्हाईक ताईंना विचारून मी एका संध्याकाळी दादरपासून त्यांच्याबरोबर लेडीज डब्यातून ठाण्याला आले. या प्रकरणात मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम तेच.

दादरच्या फलाटावर गाडीला चार मिनिटं होती. त्या चार मिनिटांत ताईंनी तीनदा फोन उघडला. मुलाच्या क्लासमधून सुटल्याचा निरोप, नवऱ्याचा "दूध आणू का?", आणि ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेली उद्याच्या बैठकीची वेळ. तिन्हींना एकेका शब्दात उत्तर देऊन झालं. गाडी आली, पर्स पोटाशी घेऊन आम्ही आत शिरलो. आतमध्ये त्यांचा एक हात वरच्या कडीत अडकलेला, दुसऱ्या हातात फोन, आणि काम करायला मोकळा फक्त अंगठा. पडद्यावर निरोपांची रांग: सोसायटीचा पाण्याचा टँकर, शाळेचा ग्रुप, बँक, कुणाचा तरी वाढदिवस. त्या रांगेत आमचाही निरोप होता, सकाळी अकराचा. अंगठ्याने सरकवताना तो मला दिसला. पाठवणाऱ्याच्या जागी नुसता दहा आकडी नंबर आणि त्यापुढे एकच शब्द: "फोटो".

माझी ओळ, माझी टवटवीत मेथी, पाच वस्तूंची यादी, त्यातलं काहीच तिथे नव्हतं. मी ओळ चित्रातच लिहिली होती, खाली मजकूर म्हणून टाकलीच नव्हती. ज्यांनी सकाळी चित्र उघडून पाहिलं त्यांनी बदाम पाठवले. संध्याकाळी ते पुन्हा उघडायला ना हात मोकळा होता, ना काही कारण होतं.

घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत आली आणि फोन पर्समध्ये गेला. आता ठाण्यापर्यंत तो बाहेर येणार नव्हता. खिडकीशी बसलेली एक बाई मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. देठ एका बाजूला, पानं पिशवीत, मधे कुठे मुळाला चिकटलेली माती बोटाने झटकायची. लेडीज डब्यात हे रोजचंच. ताई बराच वेळ त्या हातांकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "आज भाजीचं काय करायचं, काही सुचतच नाहीये."

आमचा निरोप तेव्हा सात तासांहून अधिक वेळ त्यांच्या पर्समध्ये होता.

लक्ष वेधण्याबद्दल आपण जे ऐकतो ते बहुतेक असं असतं: भडक रंग घ्या, चमकदार ओळ लिहा, दचकवणारा प्रश्न विचारा. हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने 1971 मध्येच मांडलं होतं की माहिती माणसाचं लक्ष खाते, म्हणून माहितीचा सुकाळ आला की लक्षाचा दुष्काळ पडतो. पुढे 1978 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण त्या डब्यात मला या म्हणण्याची दुसरी बाजू दिसली. ताईंचं लक्ष विखुरलेलं होतं खरं, पण रिकामं नव्हतं. त्यात एक प्रश्न आधीच घोळत होता, आणि आमच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. नवं लक्ष ओढून आणायची गरजच नव्हती. प्रश्न डोक्यात असेल त्या वेळी उत्तर न उघडता दिसेल अशा जागी ठेवायचं, एवढंच करायचं होतं. सकाळी अकराला तो प्रश्न कुणाच्याच डोक्यात नसतो. तेव्हा डबा भरून झालेला असतो आणि रात्र लांब असते.

मग काम सुरू झालं ते वेळेपासून. आमच्या बहुतेक गिऱ्हाईक सहा-सव्वासहाला ऑफिसातून निघतात. कळव्याहून पिशव्या घेऊन निघायचं ते साडेसहाला. म्हणून निरोप पाच चाळीसला जायचा असं ठरलं: आवराआवर सुरू झालेली असते, फोन हातात येतो आणि दोन्ही हात अजून मोकळे असतात.

मजकुरासाठी मी एक जुनं माप घेतलं. साध्या एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. इंग्रजी लिपीत त्यात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, प्रत्येक गोष्ट वेगळी मोजली जाते. "मेथी" आपल्याला दोन अक्षरं वाटतात, फोन चार मोजतो. "सस्नेह नमस्कार" मधेच 14 संपतात, म्हणजे पाचवा हिस्सा. व्हॉट्सअ‍ॅपला ही मर्यादा नाही हे खरं. पण बंद पडद्यावर दिसणाऱ्या दोन-अडीच ओळी साधारण तेवढ्याच भरतात, आणि मर्यादा असली की कोणता शब्द पोट भरतो आणि कोणता नुसता ताटात बसलाय ते लगेच कळतं. मी सहा जणींना कागद-पेन्सिल दिली आणि 70 घरं आखून दिली. दोन दुपारी आम्ही त्या घरांत शब्द बसवत होतो. शेवटी हे उरलं:

"सोललेलं बिरडं पावशेर 90, मेथी 40. 6:30 पर्यंत सांगा. गोखले रोड, 7 ते 9"

मोजून 70. फोटो नाही.

यातला प्रत्येक शब्द भांडून आत आलाय. "ताजं" गेलं, कारण शिळं विकतोय असं कोण म्हणतं? "घरगुती" गेलं. "स्वच्छ" जाताना वाद झाला, पण गिऱ्हाइकाने पिशवी पाहिलेली असते. "सोललेलं" मात्र कुणीही सोडायला तयार नव्हतं, आणि ते बरोबर होतं. बिरडं बाजारात मिळतं, वालही मिळतात. ज्या कामाला ताईंकडे वेळ नाही ते काम झालेलं आहे, हे एकटा "सोललेलं" सांगतो. माझी "तुमचा वेळ मोलाचा" ही अख्खी ओळ त्या एका शब्दात होती, आणि तो सातव्या क्रमांकावर का होईना, पहिल्यापासून त्यांच्याच पोस्टरवर होता.

"पावशेर"ची गंमत अशी की आधी आम्ही नुसतं "पाव 90" लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "सोबत पाव पण देता का?" शेर कधीच गेला, पण बाजारात 250 ग्रॅमला बायका अजून पावशेरच म्हणतात. पिशवीच्या लेबलवर मात्र 250 ग्रॅमच लिहितो.

काकूंना एक गोष्ट पटली नाही, आणि त्यांचं म्हणणं मी इथे नीट मांडते, कारण ते हलक्यात घेण्यासारखं नाही. नमस्कार न करता दर सांगायचा हे त्यांना उद्धटपणाचं वाटत होतं. "दारात आलेल्या बाईला आधी बस म्हणतो आपण, मग काय हवं विचारतो." मी म्हटलं, काकू, गाडीच्या दारात लटकलेल्या बाईला बस म्हणून कसं चालेल? त्यावर त्या गप्प बसल्या, पण पटलं नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. निरोपात नमस्कार नाही, पण गाळ्यावर पिशवी देताना गिऱ्हाइकाला नावाने हाक मारायची आणि घरच्यांची विचारपूस करायची. तेव्हापासून गाळ्यावर शक्यतो काकूच बसतात. निरोप कोरडा आणि भेट ओली, अशी वाटणी झाली. ती माझ्या डोक्यातून आली नसती.

मजकुराइतकंच महत्त्वाचं होतं तो कुणाच्या नावाने दिसतो हे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर जतन केलेला असतो. एका यादीत 256 नंबर मावतात. आमच्या नोंदवहीत नावं होती, पण त्यातल्या बऱ्याच जणींच्या फोनमध्ये आमचा नंबर नव्हता, त्यामुळे त्यांना यादीतला निरोप जातच नव्हता. ताईंना एकीने सुटा पाठवला होता म्हणून नुसता दहा आकडी नंबर दिसला. आता पिशवी देताना काकू म्हणतात, "नंबर ठेवून घ्या हो, आणि नाव 'निवडलेली भाजी' असं लिहा." पाठवणाऱ्याचं नाव निरोपाच्याही आधी दिसतं. म्हणजे 70 अक्षरांच्या बाहेर, फुकटात, दोन शब्द आणखी मिळाले, आणि सगळ्यात वरच्या जागी.

उत्तर देणंही सोपं करावं लागलं. कडीला लटकून मराठी टाइप करणं सोपं नाही. लोक अंगठ्याची खूण पाठवायचे आणि कळायचं नाही की मेथी हवी की बिरडं, का नुसतं "वाचलं". मग अंगठा म्हणजे पहिली वस्तू, एक पिशवी, असं ठरवून टाकलं आणि तोंडी सगळ्यांना सांगितलं. मेथी हवी असेल तर "मेथी" लिहायचं. या एका ठरावाने बिरड्याच्या ऑर्डरी जेवढ्या वाढल्या तेवढ्या कशानेच नाही.

काही गोष्टी जमल्या नाहीत. ट्रान्स-हार्बरने, म्हणजे नवी मुंबईहून येणाऱ्या लोकलने, ऐरोली, रबाळे, घणसोलीकडून येणाऱ्या काही बायका आमच्या यादीत होत्या. 2004 पासून सुरू असलेल्या त्या मार्गाच्या गाड्या ठाण्यात पूर्वेकडच्या 9 आणि 10 नंबरच्या फलाटांवर लागतात. पश्चिमेला राहणाऱ्या तशाही पूल चढून इकडे येतात, त्यांचं ठीक. पण पूर्वेला कोपरीत राहणारीला घर समोर असताना भाजीसाठी पूल ओलांडून गोखले रोडला ये म्हणायचं? मी त्यांच्यासाठी तीन वेगवेगळे निरोप लिहून पाहिले. एकही चालला नाही आणि चालायलाही नको होता. अडचण शब्दांची नव्हती, जागेची होती. त्यांना विचारून त्यांची नावं रोजच्या यादीतून काढली. पूर्वेला एखादा गाळा मिळाला तर पुन्हा बघू.

एसएमएसचाही विचार झाला, व्हॉट्सअ‍ॅप न वापरणाऱ्या काही जुन्या गिऱ्हाइकांसाठी. पण धंद्याचे एसएमएस घाऊक पाठवायचे तर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर, नोंदणी, पाठवणाऱ्याचं ठरलेलं नाव, मजकुराचा साचा आधी मंजूर करून घेणं, हे सगळं आलं. सहा जणींच्या धंद्याला ते पेलणारं नव्हतं. त्या गिऱ्हाइकांना एकीने फोन करायला सुरुवात केली. पाच-सहा फोन, पंधरा मिनिटं.

तिसऱ्या आठवड्यात एक उत्तर आलं: "रोज नको प्लीज." दुसऱ्या दिवशी आणखी एक. सहाही जणींचे चेहरे पडले. मला मात्र ही उत्तरं बदामांपेक्षा मोलाची वाटली, कारण ती लिहिणारीने नंबर ब्लॉक न करता आम्हाला सांगायची तसदी घेतली होती. थकलेल्या माणसाने दिलेलं लक्ष हे उसनं असतं, ते रोज मागायला गेलं की उंबरठा झिजतो. मग प्रत्येकीला गाळ्यावर तोंडी विचारलं: रोज हवं, का फक्त बिरडं झालं की? दोन याद्या झाल्या. दुसरी यादी अनपेक्षितपणे मोठी निघाली. त्या यादीला निरोप आठवड्यातून दोनदाच जातो, आणि गेला की अर्ध्या तासात अंगठे येऊ लागतात. श्रावणात तर कांदा-लसूण बंद असलेल्या घरांतून आदल्या दिवशीच विचारणा होते, "उद्या आहे ना?" त्यावरून वाल किती भिजवायचे हे ठरतं. आता नऊला एखादी पिशवी उरते, कधी तीही नाही. काकूंच्या घरी बिरडं व्हायचं असेल तर वेगळं काढून ठेवावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी रुळांवर पाणी आलं आणि गाड्या बंद पडल्या. पाच चाळीसचा निरोप गेलेला होता, ऑर्डरी आल्या होत्या, पिशव्या गाळ्यावर पोचल्या होत्या आणि गिऱ्हाईक कुणी कुर्ल्याला, कुणी भांडुपला अडकलेलं. सातच्या सुमारास मला फोन आला, "ताई, काय लिहू?" मी काही सांगायच्या आतच पलीकडे काकूंनी सांगायला सुरुवात केली होती आणि धाकटी लिहून घेत होती. तो निरोप मी नंतर पाहिला:

"गाड्या बंद आहेत, कळलं. पिशवी उद्यापर्यंत फ्रीजमध्ये ठेवतो. सांभाळून या."

मी घरी बसून मोजलं. एक अक्षर जास्त होतं. मी त्यांना काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पिशव्या गेल्या. ज्या ताईंबरोबर मी दादरहून आले होते त्यांनी आदल्या रात्री साडेअकराला, घरी पोचल्यावर, उत्तर पाठवलं होतं: "पोचले. उद्या घेते. काकू जेवल्या का?"